घरात फिश टँक आहे आणि पिल्लू येतंय: टाकी, मासे आणि पिल्लू तिघांनाही सांभाळायची तयारी

मोती, आमचं कुत्र्याचं पिल्लू, घरी आला तेव्हा नऊ आठवड्यांचा होता. टाकी त्याच्याही आधी चार वर्षांपासून चालू होती. पिल्लू येणार म्हटल्यावर माझं सगळं लक्ष काचेवर होतं. हा धावत येऊन धडकेल का, पंजे मारेल का, काच तडकेल का, एवढाच विचार. काचेला आजपर्यंत काही झालेलं नाही.

झालं ते वेगळंच. मोतीचे दुधाचे दात पडायला लागले होते, त्या दिवसांत एका रात्री त्याने टाकीच्या कपाटामागच्या फटीत तोंड घातलं आणि फिल्टरचा पाइप चावला. पाइपाचे तुकडे नव्हते झाले, दाताची चार बारीक भोकं पडली होती, बस्स. त्यातून रात्रभर पाणी ठिबकत राहिलं, पाइपावरून ओघळत खाली आलं आणि जमिनीवर ठेवलेल्या एक्स्टेंशन बोर्डात शिरलं. पहाटे पंखा बंद पडला म्हणून मला जाग आली. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडला होता. टाकीतलं पाणी चार बोटं उतरलेलं, जमिनीवर थारोळं आणि त्या ओल्या फरशीवर मोती निवांत बसलेला. तो स्विच नसता तर काय झालं असतं, हे मी अजूनही मनात आणू शकत नाही.

म्हणून हा लेख लिहिला. पहिल्यांदाच पिल्लू आणणाऱ्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी: पिल्लाला धोका टाकीच्या समोरून नाही, तो टाकीच्या मागे आणि खाली असतो. वायरी, नळ्या, डबे, बाटल्या. आणि धोका एकट्या पिल्लाला नसतो. पिल्लाबरोबर घरात येणाऱ्या काही वस्तू माशांचा जीव घेऊ शकतात. तो भाग सातव्या पायरीत आहे, तो वगळू नका.

काय काय लागेल

- मोजपट्टी, पेन्सिल, टॉर्च
- वायरी झाकायला केसिंग पट्टी किंवा कडक प्लॅस्टिकचा पाइप
- भिंतीवर बसवता येईल असा, प्रत्येक सॉकेटला वेगळा स्विच असलेला बोर्ड
- एअर पंपाच्या नळीसाठी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप)
- कपाटासाठी चाइल्ड लॉक
- स्टँड भिंतीला धरून ठेवायला लोखंडी अँगल आणि स्क्रू
- टाकीला नीट बसणारं, क्लिपचं झाकण
- घट्ट झाकणाची एक पेटी, सगळी औषधं आणि खाद्य मावेल एवढी
- जाळीचं फाटक किंवा पिल्लासाठी मिळतं ते घडीचं कुंपण
- झाकण असलेली बादली
- पिल्लाला चावायला दोन-तीन चांगली खेळणी

घरात आरसीसीबी आहे का ते आधी बघा. नसेल तर बाकी खरेदी थांबवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

१. जमिनीवर पालथं पडा आणि बघा

ही सर्वांत सोपी पायरी आहे आणि बहुतेक लोक हीच सोडतात. पिल्लू यायच्या दोन आठवडे आधी टाकीसमोर पोटावर झोपा, हनुवटी जमिनीपासून वीतभर वर ठेवा आणि टॉर्च मारून बघा. उभं राहून जे कधीच दिसत नाही ते इथून दिसतं. कपाट आणि भिंतीमधली फट, लोंबणारी वायर, कोपऱ्यात पडलेला खाद्याचा दाणा, गळून पडलेली रबरी चकती, दोन-चार सुटे खडे.

फटीत तुमची मूठ जात असेल तर पिल्लाचं तोंड नक्की जातं. जे दिसेल ते कागदावर लिहा. पुढची कामं त्या यादीवरून करायची.

दोन आठवडे आधी म्हणतोय त्याला कारण आहे. स्टँड सरकवायचा झाला तर टाकी रिकामी करावी लागते. भरलेली टाकी इंचभरसुद्धा ढकलू नये, जोड सुटतात. रिकामी करून पुन्हा भरलेल्या टाकीत मासे आणि फिल्टरमधले, पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू स्थिरावायला थोडे दिवस द्यायला हवेत. त्याच दिवसांत घरात पिल्लाचा गोंधळ नको.

२. स्टँड आणि जागा

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ६० × ३० × ३० सेंटीमीटरची टाकी काठोकाठ भरली तर ५४ लिटर, म्हणजे पाण्याचंच वजन ५४ किलो. काच, रेती आणि दगड वेगळे. एवढी टाकी लहान पिल्लाच्या धडकेने पडत नाही. पडतात त्या छोट्या टाक्या आणि काचेची भांडी, दहा-पंधरा लिटरची, टीपॉयवर किंवा स्टुलावर ठेवलेली. पिल्लू पुढचे पाय वर टाकतं, टीपॉय कलतो आणि सगळं खाली येतं. अशी टाकी असेल तर ती जड, रुंद बैठकीच्या कपाटावर हलवा. दुसरा तोडगा मला तरी सापडलेला नाही.

मोठ्या टाकीचा स्टँड उघड्या लोखंडी पायांचा असेल तर खालची जागा तिन्ही बाजूंनी प्लायवूडने बंद करा. कपाटवजा स्टँड असेल तर दाराला चाइल्ड लॉक लावा. चुंबकाच्या जोरावर बंद राहणारी दारं पिल्लू नाकाने उघडतं. स्टँड वरच्या बाजूला अँगलने भिंतीला बांधा. लक्षात घ्या, स्टँड बांधायचा, टाकी नाही.

मागची फट बंद करताना हवा खेळती राहू द्या. मी भोकं पाडलेली प्लायवूडची पट्टी उभी लावली. भोकं एवढी लहान की मोतीचं नाक आत जात नाही.

टाकी अ‍ॅक्रेलिकची असेल तर ती फुटायची भीती कमी, पण नखांचे ओरखडे कायमचे राहतात. खालच्या अर्ध्या भागावर बाहेरून पारदर्शक शीट लावून घ्या.

आणि टाकीजवळ सोफा, खुर्ची, पिल्लाची गादी ठेवू नका. ती पिल्लाच्या दृष्टीने पायरीच असते.

३. वीज: इथे घाई करू नका

एका साध्या टाकीला फिल्टर, हीटर, एअर पंप आणि दिवा मिळून चार वायरी असतात. चारही रबरासारख्या मऊ आणि थोड्या उबदार. दात शिवशिवणाऱ्या पिल्लाला याहून आवडती वस्तू नाही.

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. हे तीन महिने सर्वांत जोखमीचे. ‘आमचं पिल्लू वायरींकडे बघतही नाही’ असं दोन महिन्यांच्या पिल्लाबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. मीही तेच म्हणायचो.

आधी बोर्ड. तो जमिनीवरून उचला आणि भिंतीवर, टाकीच्या बाजूला बसवा. अगदी मागे किंवा पाण्याच्या खाली नको. पिल्लू मोठं झाल्यावर मागच्या पायांवर उभं राहून जिथवर पोचेल त्याच्याही वर बसवा. जमिनीवरच्या बोर्डाला दोन शत्रू असतात, टाकीचं पाणी आणि पिल्लाची लघवी. दुसरा मला कोणी सांगितलाच नव्हता.

मग वायरींचा झोळ. टाकीतून निघालेली वायर थेट सॉकेटमध्ये नेऊ नका. ती आधी सॉकेटच्या पातळीखाली उतरू द्या, तिथे एक झोळ द्या आणि मग वर नेऊन पिन लावा. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी येऊन खाली टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. बोर्ड वर बसवल्यावर हा झोळ भिंतीलगत लोंबतो आणि पिल्लाला तोच खुणावतो. म्हणून झोळासकट सगळी वायर केसिंगमध्ये घ्या, फक्त झोळाच्या तळाशी पाणी टपकायला जागा ठेवा. प्लॅस्टिकची स्प्रिंगसारखी गुंडाळायची नळी मिळते, ती चालत नाही. मोतीने ती अर्ध्या तासात उलगडली. कडक पाइप किंवा केसिंग पट्टीच हवी.

आता आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी विजेची गळती जमिनीकडे होऊ लागली की क्षणात पुरवठा तोडतो. आमचा जीव त्यानेच वाचवला. त्याच्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर पडला नाही तर तो बदला. पण त्याच्या भरवशावर वायरी उघड्या ठेवू नका. पिल्लाने वायर चावली आणि त्याच्या दातांमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम आले, तर वीज तोंडातल्या तोंडात फिरते. जमिनीकडे गळती होत नाही, म्हणून आरसीसीबी पडेलच असं नाही. पिल्लाचं तोंड वायरीपर्यंत पोचूच नये, हाच खरा बंदोबस्त.

हीटरबद्दल एक. काचेचा हीटर पाण्याबाहेर चालू राहिला तर तापून तडकतो. पाइपातून गळती होऊन पाणी उतरलं तर हेच होतं. पाणी कमी झाल्यावर आपोआप बंद होणारा हीटर मिळाला तर तोच घ्या. नसेल तर तो आडवा, तळाजवळ लावा, म्हणजे पाणी बरंच उतरेपर्यंत बुडालेला राहील.

४. पाइप आणि नळ्या

बाहेरचा फिल्टर म्हणजे कपाटात ठेवलेला डबा आणि त्याला जोडलेले दोन पाइप. या पाइपांत पाणी कायम भरलेलं असतं. पाइप पाण्याच्या पातळीखाली कुठेही फाटला तर सायफनने, म्हणजे पाणी आपोआप खाली ओढलं जाऊन, टाकी रिकामी व्हायला लागते. पंप चालू असो वा बंद. पाणी आत ओढणाऱ्या पाइपाचं तोंड तळाजवळ असतं, म्हणजे जवळजवळ पूर्ण टाकी खाली येऊ शकते. बाहेर टाकणाऱ्या पाइपाचं तोंड पृष्ठभागाजवळ ठेवलं तर त्या बाजूने तेवढं पाणी जात नाही.

म्हणून पाइप कपाटाच्या मागून न आणता वरच्या फळीला भोक पाडून थेट कपाटात उतरवा. मी त्या रात्रीनंतर हेच केलं. एका दुपारचं काम, सुताराने करून दिलं. आता बाहेर हातभरही पाइप दिसत नाही.

एअर पंप शक्यतो पाण्याच्या पातळीच्या वर, भिंतीवर टांगा. खाली ठेवायचा असेल तर नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. वीज गेली की नळीतून पाणी उलटं पंपात आणि बोर्डावर येऊ शकतं. व्हॉल्व्हवर बाण असतो, तो टाकीकडे ठेवा. उलटा लागला तर हवाच जाणार नाही, त्यामुळे चूक लगेच कळते.

५. झाकण

उघडी टाकी आणि पिल्लू हे जमत नाही. घाबरलेला मासा उडी मारतो आणि पिल्लू आल्यावर पहिले काही दिवस मासे घाबरतातच. खाली पडलेला मासा पिल्लू क्षणात उचलतं. कोरीडोरास, प्लेको यांसारख्या कॅटफिशच्या परांना कडक काटे असतात आणि संकट आलं की ते ताठ होऊन अडकून बसतात. असा मासा पिल्लाच्या घशात अडकला तर डॉक्टरकडेच जावं लागतं. पफर फिश पाळत असाल तर अधिक जपा, त्याच्या अंगात विष असू शकतं.

झाकण क्लिपचं घ्या. नुसती वर ठेवलेली काच नको. झाकणाचा दुसरा फायदा असा की पिल्लाचे केस पाण्यात कमी पडतात. केस फिल्टरच्या स्पंजवर बसून पाण्याचा जोर कमी करतात, त्यामुळे स्पंज आता थोडा लवकर-लवकर टाकीच्याच पाण्यात धुवावा लागेल.

बऱ्याच घरांत मनी प्लांटची मुळं टाकीत सोडलेली असतात. त्याचा वेल लोंबत खाली आला तर कापून टाका. मनी प्लांट, पीस लिली आणि टाकीतलं अ‍ॅन्युबियस या वनस्पतींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पिल्लाने पान चावलं की तोंड भाजल्यासारखं होतं, लाळ गळते, उलटी होते.

६. कपाटातला सगळा माल

टाकीखालचं कपाट उघडा आणि आतलं सगळं जमिनीवर मांडा. एकेक वस्तू हातात घेऊन विचार करा: हे मोतीच्या पोटात गेलं तर?

माशांचं खाद्य. विषारी नाही, पण त्याचा वास पिल्लाला वेडं करतो. सुकवलेल्या अळ्यांचा डबा मोतीने अख्खा फस्त केला होता. दोन दिवस पोट बिघडलं, एवढ्यावर निभावलं. डब्याबरोबर ओलावा शोषणारी पुडी असते तीही तो गिळतो. डबा चावल्यावर प्लॅस्टिकच्या धारदार कडा निघतात. त्या जास्त वाईट.

बटण सेल. डिजिटल थर्मामीटर, दिव्याचा छोटा रिमोट यांत चकतीसारखा सेल असतो. ही माझ्या मते या कपाटातली सर्वांत घातक वस्तू. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर तिथली त्वचा भाजत जाते आणि त्याला तासभरही लागत नाही. असा थर्मामीटर काढून टाका, काचेचा किंवा पट्टीचा लावा. पट्टी काचेवर उंच चिकटवा.

शेवाळ साफ करायचं चुंबक. दोन तुकड्यांचं असतं. काचेवर लावून ठेवायची सवय मोडा. सुटे छोटे चुंबक दोन गिळले गेले तर आतड्याच्या घड्या मधे पकडून ते एकमेकांना चिकटतात.

औषधं आणि रसायनं. मॅलाकाइट ग्रीन, मिथिलीन ब्लू, कॉपर सल्फेट, पोटॅशियम परमँगनेट हे सगळं कुलपात. झाडांसाठी वापरतात त्या ‘लिक्विड कार्बन’मध्ये ग्लुटराल्डिहाइड असतं, ते तोंड आणि घसा भाजवतं. पाणी तपासायच्या किटमधल्या काही बाटल्यांत तीव्र आम्ल किंवा अल्कली असते. बाटली एवढीशी, मऊ प्लॅस्टिकची, दाताखाली लगेच फुटणारी.

खडे. सुटी रेती, सजावटीचे गोटे पिशवीत भरून ठेवले असतील तर तीही पिशवी वर. पिल्लं दगड गिळतात. आतड्यात अडकले तर ऑपरेशन.

टाकीतल्या झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर तो उभा, पट्ट्याने बांधलेला आणि दाराआड.

हे सगळं एका घट्ट झाकणाच्या पेटीत भरा आणि पेटी टाकीखाली ठेवूच नका. उंच फळीवर ठेवा. रोजचं खाद्य काढायला दोन पावलं जास्त चालावं लागतं, एवढंच. शिवाय लॉक लावायला विसरलेला दिवस येतोच, तेव्हा कपाट रिकामं असलेलं बरं.

समुद्री पाण्याची टाकी असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. त्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पिल्लाने ते भरपूर प्यायलं तर उलट्या, जुलाब आणि शरीरात मिठाची विषबाधा होऊ शकते. आणि झोअँथिड, पॅलिथोआ जातीच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. त्यांचे दगड बाहेर काढून घासायचे असतील तेव्हा पिल्लू दुसऱ्या खोलीत, दार बंद.

७. पिल्लाची औषधं माशांना मारू शकतात

ही गोष्ट मला आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी सहज बोलता बोलता सांगितली. मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन, कारण त्याच दिवशी मी मोतीच्या मानेवर गोचिडांचं औषध लावणार होतो आणि लगेच नंतर टाकीत हात घालणार होतो.

गोचीड आणि पिसवांसाठी मानेवर थेंब टाकायची औषधं, फवारे, पट्टे यांत पर्मेथ्रिन, फिप्रोनिल अशी कीटकनाशकं असतात. ती माशांना आणि कोळंबीला अतिशय विषारी आहेत. पर्मेथ्रिनचा अगदी थोडा अंश पाण्यात गेला तरी मासे मरू शकतात. कोळंबी तर कीटकांच्या जवळची, तिला त्याहून कमी पुरतं.

म्हणून नियम करा. औषध लावायच्या दिवशी टाकीचं काम नाही. औषध लावणाऱ्याने हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. घरात दुसरं माणूस असेल तर माशांना खाद्य त्यानेच घालायचं. औषध वाळेपर्यंत पिल्लाला टाकीच्या खोलीत येऊ द्यायचं नाही आणि पिल्लू कुरवाळलेला हात न धुता पाण्यात घालायचा नाही.

फवारा मारायचा असेल तर शक्यतो घराबाहेर. खोलीत मारावाच लागला तर टाकी ओल्या चादरीने झाका आणि तेवढा वेळ एअर पंप बंद ठेवा. पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, हे चटकन लक्षात येत नाही. खोलीतली हवा पूर्ण मोकळी झाली की पंप लगेच चालू करा.

वायरींवर मारायचा कडू फवारा मिळतो, पिल्लाने चावू नये म्हणून. तो वापरा, पण टाकीपासून दूर नेऊन कापडावर घ्या आणि वायरीला पुसा. पिल्लाची लघवी पुसायला वापरतो ती जंतुनाशकंही टाकीजवळ फवारायची नाहीत.

८. पाणी बदलायचा दिवस

बादली, वाहतं पाणी, वळवळणारा पाइप. पिल्लाला हा खेळ वाटतो. पहिले सहा महिने तरी त्या वेळी त्याला कुंपणात किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा, सोबत चावायला काहीतरी द्या. पाण्याने भरलेल्या बादलीत लहान पिल्लू डोक्यावर पडलं तर बाहेर येऊ शकत नाही, म्हणून बादलीला झाकण.

हीटरचा स्विच आधी बंद करा, १५-२० मिनिटं थांबा, मग पाणी काढा. काढलेलं पाणी कुंडीत किंवा मोरीत लगेच ओता. साध्या गोड्या पाण्याच्या टाकीतलं पाणी पिल्लाने एखाद-दोन वेळा चाटलं तर सहसा काही होत नाही, पण त्या आठवड्यात माशांना औषध दिलेलं असेल तर घोटभरही जाऊ देऊ नका.

९. पहिली भेट आणि शिकवण

पहिला दिवस पिल्लाला टाकी दाखवायची गरजच नाही. त्याला आधी घराचा वास, त्याची जागा, तुमचा आवाज ओळखू द्या. टाकीसमोर जाळीचं फाटक लावा, किमान तीन फूट अंतर राहील असं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, फिरवून आणून दमवल्यावर, पट्टा लावून त्याला फाटकाच्या या बाजूला बसवा. दोन मिनिटं. तो माशांकडे बघतो, कान टवकारतो, हे चालेल. भुंकायच्या आत त्याला नावाने हाक मारा, तुमच्याकडे वळला की लगेच खाऊ द्या. भुंकल्यावर ओरडू नका, शांतपणे लांब न्या. रोज दोन-तीनदा, थोडा थोडा वेळ. आठवडाभरात टाकी दिसली की मोती माझ्याकडे बघायला लागला.

‘सोड’ हा शब्द याच काळात शिकवा. खेळणं तोंडात असताना नाकासमोर खाऊ धरायचा, खेळणं सोडलं की ‘सोड’ म्हणून खाऊ द्यायचा आणि खेळणं परत द्यायचं. परत देणं महत्त्वाचं आहे. सोडलं की वस्तू जाते असं त्याला कळलं तर तो पुढच्या वेळी वस्तू घेऊन पळेल आणि घाईत गिळेल. तोंडात बटण सेल असताना हे तुम्हाला नको.

माशांचंही ऐका. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि माशांच्या अंगावर पार्श्वरेषा असते, तिने त्यांना पाण्यातली हालचाल, कंपनं कळतात. स्टँडला शेपटीचा फटका बसला तरी त्यांना ते जाणवतं. रंग फिका पडणं, कोपऱ्यात दडून राहणं, खाद्याकडे न येणं, काचेला धडकत पोहणं ही भेदरल्याची लक्षणं. असं दिसलं तर टाकीची खालची पाव बाजू बाहेरून कागद लावून झाका आणि लपायला झाडं, मडकी वाढवा. आमच्या टेट्रा माशांना सरावायला दहा दिवस लागले.

माशांना खाद्य देताना पिल्लाला त्याच्या गादीवर त्याचं काहीतरी द्या. नाहीतर झाकण उघडल्याचा आवाज म्हणजे खाऊ, हे तो दोन दिवसांत शिकतो.

१०. अपघात झालाच तर

पिल्लाने वायर चावली आणि ते तिथेच चिकटून आहे: त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद. मगच जवळ जा. ते उठून चालायला लागलं, नेहमीसारखं दिसलं, तरी डॉक्टरकडे न्या. विजेच्या धक्क्यानंतर काही तासांनी फुप्फुसात पाणी साचू शकतं. दम लागणं, मान लांब करून श्वास घेणं, हिरड्या निळसर दिसणं, यांपैकी काही दिसलं तर एक मिनिटही थांबू नका.

बटण सेल, चुंबक किंवा रसायन पोटात गेलं: घरी उलटी करवू नका. भाजणारी वस्तू वर येताना पुन्हा भाजते. मीठ-पाण्याचे उपाय कोणी सुचवले तर ऐकू नका. बाटली किंवा डबा बरोबर घ्या आणि निघा.

टाकी गळते किंवा फुटली: जमीन ओली असेल तर बोर्डाला हात न लावता मेन स्विचकडे जा. नंतर पिल्लाला दुसऱ्या खोलीत बंद करा, काचांमुळे. मग मासे. उरलेलं टाकीचं पाणी बादलीत घेऊन मासे त्यात सोडा, फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात बुडवून ठेवा. त्यातले जिवाणू जगले तर नवी टाकी लवकर सावरते. स्पंज नळाखाली धुवू नका.

डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून मेन स्विचशेजारी चिकटवा. अशा वेळी फोनमध्ये नाव शोधताना हात थरथरतात.

११. दर पंधरा दिवसांनी

पिल्लू वाढतं आणि तुम्ही बांधलेली उंची तेवढीच राहते. लहान जातींची वाढ साधारण वर्षभरात पूर्ण होते, मोठ्या जातींना दीड ते दोन वर्षं लागतात. मी टाकीशेजारच्या भिंतीवर, मोती मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचे पंजे पोचतात तिथे पेन्सिलने खूण करतो आणि बाजूला तारीख लिहितो. खूण आणि बोर्ड यांत एक हात अंतर उरलं नाही तर बोर्ड वर न्यायचा. आमचा एकदा न्यावा लागला.

त्याच वेळी केसिंग पट्टी कुठे उचकली आहे का, पाइपांवर दाताच्या खुणा आहेत का, चाइल्ड लॉकचा चिकटपट्टा सैल झाला आहे का, ते बोट फिरवून बघा. नुसतं डोळ्यांनी नको. ती चार भोकं मला दिसली नव्हती, ओला पाइप हातात दाबल्यावर बोटाला लागली होती.

सलग दोन महिने खूण वर सरकली नाही आणि चावायचा जोर ओसरला, की जाळीचं फाटक काढून बघायला हरकत नाही. सुरुवातीला तुम्ही खोलीत असतानाच काढा, रात्री परत लावा. कपाटाचं लॉक आणि वायरींवरचं केसिंग मात्र काढू नका.